ओमर याघी आणि पोकळीचे रसायनशास्त्र

जस्ताचा साधा क्षार आणि पॉलिएस्टरच्या धाग्यासाठी लागणारे टेरेफ्थॅलिक आम्ल, या दोन्ही पदार्थांत दुर्मीळ असे काही नाही. परंतु १९९९ मध्ये ओमर याघी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोहोंपासून जो स्फटिक तयार केला, त्याच्या एका ग्रॅममधील आतल्या भिंती उलगडून पसरता आल्या असत्या, तर त्यांनी सुमारे २९०० चौरस मीटर जागा व्यापली असती. जमिनीच्या हिशेबात सांगायचे तर जवळजवळ २९ गुंठे. चिमूटभर पुडीत एवढे पृष्ठफळ सामावते, कारण त्या पुडीचा बहुतांश भाग पोकळी आहे आणि ती पोकळी योजून निर्माण केलेली आहे. ‘मॉफ-५’ या नावाने ओळखला जाणारा हा पदार्थ ‘मेटल-ऑर्गॅनिक फ्रेमवर्क’, म्हणजे धातू-सेंद्रिय चौकट, या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध पदार्थ होय. या वर्गाच्या विकासाबद्दल २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक क्योटो विद्यापीठाचे सुसुमु कितागावा, मेलबर्न विद्यापीठाचे रिचर्ड रॉबसन आणि बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे ओमर याघी या तिघांना विभागून देण्यात आले. ८ ऑक्टोबर रोजी घोषणा झाली, तेव्हा याघी विमान बदलण्यासाठी फ्रँकफर्टच्या विमानतळावर होते.

याघी यांचा जन्म १९६५ मध्ये जॉर्डनची राजधानी अम्मान येथे एका पॅलेस्टिनी निर्वासित कुटुंबात झाला. घरात वीज नव्हती. एका खोलीत डझनभर माणसे राहत आणि तीच जागा पाळीव जनावरांचीही असे. वडिलांचे शिक्षण सहावीपर्यंत झालेले, तर आईला लिहितावाचता येत नव्हते. सार्वजनिक नळाला आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून काही तासच पाणी येई आणि तेवढ्या वेळात घरातली सगळी भांडी भरून ठेवण्याचे काम मुलांकडे असे. दहाव्या वर्षी, एरवी कुलूपबंद असणाऱ्या शाळेच्या ग्रंथालयात शिरून त्यांनी सहज एक पुस्तक उघडले. त्यात गोळे आणि काड्यांनी दाखवलेली रेणूंची चित्रे होती. ती कशाची हे त्या वेळी ठाऊक नसतानाही आपण त्यांच्या प्रेमात पडलो, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. पंधराव्या वर्षी वडिलांच्या आग्रहावरून ते अमेरिकेत आले. न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय येथील साध्या कम्युनिटी कॉलेजात प्रवेश, दुकानात गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरणे, फरशा पुसणे, असे करत त्यांनी १९८५ मध्ये ऑल्बनी येथून पदवी व १९९० मध्ये इलिनॉय विद्यापीठातून वॉल्टर क्लेम्परर यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली. हार्वर्डमधील दोन वर्षांच्या संशोधनानंतर १९९२ मध्ये ते ॲरिझोना राज्य विद्यापीठात रुजू झाले.

त्या काळी घन पदार्थांचे रसायनशास्त्र बऱ्याच अंशी नशिबावर चालत असे. घटक एकत्र करायचे, तापवायचे आणि जे हाती येईल त्याची रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने शोधून काढायची, ही रूढ पद्धत होती. औषधाचा रेणू बांधणारा सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ कोणता बंध कोठे जोडायचा हे आधी ठरवतो. घन स्फटिक बनवणाऱ्याला मात्र ती मुभा नव्हती. याघी यांना नेमकी तीच मुभा हवी होती.

अर्थात या वाटेने जाणारे ते पहिले नव्हते, हे प्रथमच नोंदवणे योग्य ठरेल. रिचर्ड रॉबसन यांना १९७४ मध्ये विद्यार्थ्यांसाठी रेणूंचे लाकडी नमुने करायचे होते. विद्यापीठाच्या कार्यशाळेने चेंडूंना योग्य जागी भोके पाडून दिल्यावर त्यांच्या लक्षात आले, की भोकांच्या जागा एकदा ठरल्या की अख्ख्या रचनेचा आकार आपोआप ठरतो. मग खऱ्या अणूंच्या बाबतीतही तसेच का होऊ नये? हा प्रश्न त्यांच्या मनात दशकाहून अधिक काळ राहिला. १९८९ मध्ये त्यांनी तांब्याचे आयन व चार हातांचा एक सेंद्रिय रेणू यांच्यापासून हिऱ्यासारख्या जाळीचा, पण आतून भरपूर पोकळ असा स्फटिक प्रसिद्ध केला. कल्पना विलक्षण होती. पदार्थ मात्र ठिसूळ होता, सहज मोडत असे. सुसुमु कितागावा यांनी १९९७ मध्ये अशा चौकटींमध्ये मिथेन, नायट्रोजन व ऑक्सिजन हे वायू शिरू शकतात व चौकट न मोडता बाहेरही येऊ शकतात, हे दाखवले. चौकट लवचीक असू शकते, वायू घेताना फुगते व सोडताना आक्रसते, हा विचारही त्यांनी पुढे आणला.

याघी यांनी घातलेली भर कोणती, हे समजण्यासाठी आधीच्या चौकटी का कोसळत हे पाहावे लागते. तयार होताना स्फटिकाच्या पोकळ्यांत द्रावकाचे रेणू भरलेले असतात. ते काढून टाकले की आधार गेलेल्या मांडवाप्रमाणे रचना बसे. कारण दोन ठिकाणी होते. धातू व सेंद्रिय रेणू यांमधील बंध दुबळा असे आणि सांधा एकट्या धातू-आयनाचा असल्याने तो कोनात वाकत असे. याघी यांनी जोडणारा रेणू म्हणून ऋणभारित कार्बोक्झिलेट निवडले. धातूशी त्याची पकड अधिक घट्ट असते. परंतु घट्ट पकडीतही एक अडचण होती. जो बंध सहज सुटत नाही तो चुकीच्या जागी जुळल्यावर दुरुस्तही होत नाही आणि मग स्फटिकाऐवजी नुसता गाळ तयार होतो. घटक अगदी संथपणे एकमेकांना भेटतील अशी परिस्थिती निर्माण करून त्यांनी ही अडचण ओलांडली. १९९५ मध्ये त्यांच्या गटाचे दोन निबंध प्रसिद्ध झाले आणि ‘मेटल-ऑर्गॅनिक फ्रेमवर्क’ ही संज्ञा रूढ होऊ लागली.

मॉफ-५ मध्ये सांधा एका आयनाचा उरला नाही. चार जस्त अणू व त्यांच्या मध्यभागी एक ऑक्सिजन असा पुंजका प्रत्येक कोपऱ्यावर बसतो आणि त्याला सहा दिशांनी सहा टेरेफ्थॅलेट रेणू जोडले जातात. पुंजका आकाराने पक्का असल्यामुळे चौकट वाकत नाही. द्रावक पूर्ण काढून टाकल्यावर, इतकेच नव्हे तर ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापवल्यावरही, ती उभी राहते. सच्छिद्र स्फटिक म्हणून तोवर ज्यांचा बोलबाला होता त्या झिओलाइट खनिजांचे पृष्ठफळ एका ग्रॅममागे काहीशे चौरस मीटरच्या पुढे क्वचितच जाई. मॉफ-५ ने ती मर्यादा एका झटक्यात मागे टाकली. याच वर्षी हाँगकाँगमधील गटाने ‘एचकेयूएसटी-१’ हा तांब्याचा तितकाच टिकाऊ मॉफ जाहीर केला. थोडक्यात, काळ या शोधासाठी पिकलेला होता.

निर्णायक पाऊल २००२ मध्ये पडले. सांधा तोच ठेवून फक्त जोडणारा रेणू बदलत याघी यांच्या गटाने सोळा चौकटींची एक मालिकाच सादर केली. सगळ्यांचा नकाशा एक, मात्र रंध्रांचा आकार ३.८ पासून २८.८ अँगस्ट्रॉमपर्यंत. एकाच घराचा आराखडा ठेवून तुळया लांब-आखूड कराव्यात तसे हे होते. हवा तो स्फटिक आधी कागदावर आखता येतो आणि मग प्रयोगशाळेत मिळवता येतो, हा दावा आता एका उदाहरणावर अवलंबून राहिला नाही. पुढच्याच वर्षी या पद्धतीला लॅटिनमधील ‘लहान जाळे’ या अर्थाच्या शब्दावरून ‘रेटिक्युलर’ म्हणजे जाळरचनेचे रसायनशास्त्र असे नाव मिळाले. गणिताची बाजू सांभाळली ती ॲरिझोनातील ज्येष्ठ स्फटिकशास्त्रज्ञ मायकेल ओ’कीफ यांनी. अवकाशात जाळ्या किती प्रकारे विणता येतात याची त्यांनी पद्धतशीर सूची तयार केली व प्रत्येक जाळीला तीन अक्षरी संकेत दिला. आज जगातील कोणताही मॉफ-संशोधक नवा स्फटिक हाती आला की प्रथम त्या सूचीत त्याची जाळी शोधतो.

२०११ हे आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र वर्ष म्हणून साजरे झाले. त्या निमित्ताने थॉमसन रॉयटर्सने आधीच्या दशकातील शंभर रसायनशास्त्रज्ञांची यादी जाहीर केली. कसोटी होती, प्रत्येक निबंधामागे इतर संशोधकांनी सरासरी किती वेळा संदर्भ घेतला ही. हार्वर्डचे चार्ल्स लायबर पहिले, याघी दुसरे आणि ओ’कीफ तिसरे आले. एकाच विषयात हातात हात घालून काम करणारे दोघे लागोपाठच्या क्रमांकांवर येतात, यावरून त्या दशकात हा विषय किती वेगाने वाढला याची कल्पना येते. केंब्रिज येथील स्फटिकरचनांच्या संग्रहातून २०१७ मध्ये मॉफ वेगळे काढण्यात आले, तेव्हा त्यांची संख्या सत्तर हजारांच्या घरात भरली.

संदर्भांची संख्या आणि प्राथम्य या दोन गोष्टी मात्र सारख्या नसतात. याघी यांच्या प्रभावाचा मोठा भाग त्यांनी दिलेल्या नावांत आहे. कितागावा या पदार्थांना ‘सच्छिद्र समन्वयी बहुवारिके’ म्हणत, रॉबसन यांचे शिष्य ‘जाळी’ हा शब्द पसंत करत. संज्ञांचा हा गोंधळ इतका वाढला, की २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटनेला व्याख्या ठरवून द्याव्या लागल्या. तोवर ‘मॉफ’ हा आटोपशीर शब्द जगभर पसरला होता. आणखी बोलके उदाहरण ‘झिफ-८’ या चौकटीचे आहे. जस्त आणि इमिडाझोल वर्गातील रेणूची ही चौकट चीनमधील ग्वांगझो येथील श्याओमिंग चेन यांच्या गटाने २००६ मध्ये याघी यांच्या काही महिने आधी प्रसिद्ध केली होती व तिला स्वतःचे वेगळे नाव दिले होते. याघी यांच्या निबंधात ती एका मोठ्या कुटुंबातील आठवी सभासद म्हणून आली. झिओलाइटशी तिचे साम्य का आहे हेही तेथे उलगडले आणि जगाने ‘झिफ-८’ हेच नाव उचलले. सुटा मणी आधी कोणी शोधला यापेक्षा माळ कोणी ओवली याला विद्वज्जगत अधिक महत्त्व देते. ते नेहमीच न्याय्य असते असे नाही.

हायड्रोजनचे प्रकरणही विसरण्यासारखे नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस मोटारींसाठी हायड्रोजन साठवण्याचा प्रश्न ऐरणीवर होता. २००३ मध्ये मॉफ-५ उणे १९५ अंशांना आपल्या वजनाच्या साडेचार टक्के हायड्रोजन धरून ठेवते, असा निबंध ‘सायन्स’मध्ये आला आणि या विषयाकडे संशोधकांची रीघ लागली. पुढच्याच वर्षी त्याच गटाच्या नव्या मोजमापात वातावरणाच्या दाबाला हा आकडा सुमारे १.३ टक्के भरला. टीका झाली. २००७ मध्ये याघी आणि बर्कलीचे जेफ्री लाँग यांच्या संयुक्त अभ्यासाने बऱ्याच गोष्टींचा उलगडा केला. मॉफ-५ ला हवेतील दमटपणा सोसत नाही आणि नमुना कसा तयार केला व हाताळला यावर त्याची क्षमता विलक्षण बदलते. हवेचा स्पर्श न होऊ देता तयार केलेल्या नमुन्याने त्याच थंडीत, ४० पट दाबाखाली ७.१ टक्के हायड्रोजन घेतला. पण मोटारीची टाकी उणे १९५ अंशांवर ठेवणे कोणाला परवडणार? सामान्य तापमानाला मॉफची पकड फार सैल पडते आणि हायड्रोजन मोटारीचे ते स्वप्न मॉफच्या बळावर आजही पुरे झालेले नाही.

दमट हवेत कोसळणारा पदार्थ कारखान्याच्या कामाचा नाही, हा आक्षेप त्यामुळे बरीच वर्षे मॉफच्या मानगुटीवर बसला. त्याला उत्तर अनेक ठिकाणांहून मिळाले. झिफ वर्गातील चौकटी उकळत्या पाण्यातही टिकल्या. ऑस्लो विद्यापीठातील गटाने २००८ मध्ये झिर्कोनियमचा ‘यूआयओ-६६’ हा दणकट मॉफ तयार केला. याघी यांनी त्याच धातूपासून केलेल्या ‘मॉफ-८०१’ मध्ये तर पाण्याचीच आवड निघाली. पृष्ठफळाची शर्यत दुसरीकडे चालूच होती. २०१० मधील ‘मॉफ-२१०’ ने एका ग्रॅममागे ६२४० चौरस मीटर म्हणजे दीड एकराहून अधिक पृष्ठफळ नोंदवले. हे आकडे दिपवणारे खरे, पण उपयोगाच्या दृष्टीने एखादा ‘मॉफ-८०१’ त्यांच्यापेक्षा मोलाचा ठरला.

धातू पूर्णपणे वगळून केवळ कार्बन, बोरॉन, ऑक्सिजन, नायट्रोजन अशा हलक्या मूलद्रव्यांपासून स्फटिकजाळ्या विणण्याचा मार्ग याघी यांच्या गटाने २००५ मध्ये दाखवला. त्यांना ‘कॉफ’ म्हणतात. पहिले कॉफ पाण्याने विरघळून जात. या ठिकाणी पुण्याचा संबंध येतो. याघी यांच्याकडे संशोधन करून, झिफवरील २००८ च्या ‘सायन्स’ निबंधाचे प्रथम लेखक राहिलेले राहुल बॅनर्जी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले. पाषाण रस्त्यावरील या प्रयोगशाळेत त्यांच्या गटाने २०१२ मध्ये असे कॉफ तयार केले, की ज्यांत बंध जुळल्यावर अणूंची अंतर्गत फेरमांडणी होते व तो बंध पुन्हा उलगडत नाही. उकळते पाणी आणि तीव्र आम्ल या दोहोंना ते पुरून उरले. कॉफच्या साहित्यात या निबंधाचा संदर्भ सातत्याने येतो. बॅनर्जी पुढे कोलकात्याच्या आयसर संस्थेत गेले व २०१८ मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला. पुण्याच्याच आयसरमध्ये कितागावा यांच्या प्रयोगशाळेतून आलेले सुजित घोष आणि सी. एन. आर. राव यांचे विद्यार्थी रामनाथन वैद्यनाथन यांचे गट मॉफवर काम करत आले आहेत. वैद्यनाथन यांचे नाव ‘काल्फ-२०’ या कॅनडातील मॉफवरच्या २०२१ च्या निबंधातही आहे. कारखान्यांच्या दमट धुरातून कार्बन डायऑक्साइड वेगळा करणारा हा जस्ताचा स्वस्त मॉफ जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने टनांच्या प्रमाणात तयार केला. कोणाच्या प्रयोगशाळेत कोण तयार झाले याची ही वंशावळ संदर्भांच्या कोणत्याही कोष्टकाइतकीच बोलकी आहे.

राहता राहिला पाण्याचा प्रश्न. ज्या मुलाने अम्मानमध्ये नळाची वेळ पाळली, त्याने पुढे हवेतून पाणी काढण्याचा ध्यास घेतला, ही गोष्ट वृत्तपत्रांना आवडणारी आहे. तिच्यामागील रसायनशास्त्र तपासून पाहावे इतके भक्कम आहे. नव्या पेटीतील वस्तूंबरोबर येणारी सिलिका जेलची पुडी हवेतील ओलावा शोषते, पण तो परत मिळवायला ती बरीच तापवावी लागते. मॉफ-८०१ रात्रीच्या कोरड्या हवेतूनही बाष्प ओढून घेते आणि दिवसा उन्हाच्या उष्णतेने सोडून देते. ते थंड पृष्ठभागावर धरले की थेंब मिळतात. २०१७ मध्ये एमआयटीतील एव्हलिन वांग यांच्या गटासह याघी यांनी, २० टक्के सापेक्ष आर्द्रतेतही एक किलो मॉफपासून दिवसाला २.८ लिटर पाणी मिळू शकते, असे जाहीर केले. २०१९ मध्ये ॲल्युमिनियमच्या ‘मॉफ-३०३’ वर आधारलेले, सौर विजेवर चालणारे यंत्र मोहावी वाळवंटात ठेवले, तेव्हा प्रत्यक्ष हाती आले ते किलोमागे दिवसाला ०.७ लिटर. म्हणजे पंधरा लिटरचा एक हंडा भरायचा तर वीस किलोहून अधिक मॉफ हवे. प्रयोगशाळेतील आकडा व वाळवंटातील आकडा यांत असे अंतर असले, तरी जेथे आडात नाही आणि ढगातही नाही, अशा जागी पिण्यापुरते पाणी मिळणे ही क्षुल्लक बाब नव्हे. त्यानंतर ‘डेथ व्हॅली’ या अतिउष्ण प्रदेशात केवळ सूर्याच्या उष्णतेवर चालणारे उपकरणही त्यांच्या गटाने चालवून दाखवले.

व्यापारात मॉफचा प्रवेश २०१६ च्या सुमारास झाला तो अगदी वेगळ्या वाटांनी. संगणकाच्या चिप बनवताना लागणारे विषारी वायू कमी दाबाखाली सुरक्षित ठेवणाऱ्या टाक्यांत आणि फळे उशिरा पिकावीत म्हणून साठवणीत सोडल्या जाणाऱ्या वायूच्या पुड्यांत. पहिल्या मॉफपासून तेथवर पोहोचायला दोन दशके गेली. किमतीचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. सेंद्रिय जोडरेणू महाग असतो, द्रावकेही मोठ्या प्रमाणात लागतात. पाण्याच्या कामी ॲल्युमिनियमसारखा स्वस्त धातू निवडला गेला, त्याचे कारण यातच आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये याघी यांच्या गटाने ‘कॉफ-९९९’ जाहीर केले. बर्कलीतील उघड्या हवेतून कार्बन डायऑक्साइड घेणे व ६० अंशांना तापवल्यावर सोडणे, हे चक्र या पदार्थाने शंभर वेळा पार पाडले आणि त्याची क्षमता घटली नाही. असे २०० ग्रॅम पीठ वर्षाला २० किलो कार्बन डायऑक्साइड टिपू शकेल, असा गटाचा हिशेब आहे. हे साधारण एका मोठ्या झाडाचे काम. हवेतील पंख्यापुढे हे पीठ वर्षानुवर्षे ठेवल्यावर ते किती चक्रे टिकते, याची मोजणी पुढे चालू आहे.